सोलापुरातले धंदे टिकवायचेत: फोकस ग्रुप, सर्व्हे की सभा?

कारखाने, दुकानं का बंद पडतायत आणि जी चालू आहेत ती वाढायला काय लागेल हे समजून घ्यायचंय, पण करायचं कसं, असा प्रश्न असोसिएशनवाल्यांना पडतो. माझं मत आधीच सांगतो, सुरुवात फोकस ग्रुपनं करा, म्हणजे मोजक्या लोकांना एकत्र बसवून एकाच विषयावर मोकळं बोलतं करायचं.

सभा सगळ्यात सोपी, हॉल घेतला, चहा सांगितला, झालं. पण बोलतात तेच चार जण जे नेहमी बोलतात, आणि पुढारी आले की अर्धा वेळ सत्कारात जातो. ठरलेलं जाहीर करायला सभा ठीक.

सर्व्हेतून आकडे मिळतात, किती जणांना वीजबिल जड जातंय, किती जणांना कामगार मिळत नाहीत, आणि सरकारदरबारी काही मागायचं तर आकडे लागतातच. पण विचारलं तेवढंच कळतं. चादरीचा खप कमी झाला यावर टिक येईल हो, पण पानिपतचं ब्लँकेट स्वस्त पडतं म्हणून, की जीआय टॅग (माल त्याच भागातला असल्याची सरकारी नोंद) असूनही गिऱ्हाइकाला खरी सोलापुरी चादर ओळखू येत नाही म्हणून, की पोरगा पुण्यात नोकरीला लागलाय आणि आता माग बघायला कुणी नाही म्हणून, हे फॉर्मवर कोण लिहीत बसणार?

फोकस ग्रुपमध्ये हेच बाहेर येतं. सहा ते दहा जण, तास-दीड तास, एक जण प्रश्न विचारणारा, एक लिहून घेणारा. एकानं सूताच्या भावाचं काढलं की दुसऱ्याला आपलं आठवतं, तिसरा म्हणतो नाही, आमच्याकडं वेगळंय. असे तीन-चार ग्रुप घ्या, नवीन काही येईना झालं की थांबा. फक्त मालक आणि कामगार एकत्र बसवू नका, मालकासमोर मजुरीबद्दल कोण तोंड उघडेल? शहराच्या पूर्व भागात, जिथं बरेच विणकर तेलुगू बोलतात, तिथं घेणार असाल तर प्रश्न विचारणाऱ्याला तेलुगू यायलाच पाहिजे. युनिफॉर्म शिवणाऱ्या बायकांचा ग्रुप वेगळा, त्यांना जमेल त्या वेळेला.

दोन गोष्टी मात्र यात जमत नाहीत. उधारी, कर्ज, धंदा दुसरीकडं हलवायचा विचार, हे स्पर्धकांसमोर कुणी बोलत नाही, त्यासाठी एकेकट्याला जाऊन भेटा. आणि दहातले सात जण म्हणाले म्हणून सत्तर टक्के असं छापू नका, तो आकडा सर्व्हेनंच काढायचा, ग्रुपमधून निघालेले प्रश्न घेऊन.

पैसे कमी असले तर दोनच ग्रुप घ्या आणि एक छोटा फॉर्म. पण महिन्याभरात त्याच लोकांना परत बोलवून पुढं काय केलं ते सांगा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.