फेम ४.२ : सोलेनॉइडच्या कामाला दिवाळीपासून वापरतोय

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये २४ व्होल्ट डीसीचे व्हॉल्व्ह सोलेनॉइड बनतात, म्हणजे करंट दिला की आतला लोखंडी दांडा (प्लंजर) ओढून व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॉइल. डिझाइन म्हणजे आजवर जुना नमुना समोर ठेवायचा, तारेचे वेढे (टर्न्स) थोडे कमी-जास्त करायचे आणि स्प्रिंग बॅलन्सला लावून ओढ बघायची. थ्रीडी सिम्युलेशनची लायसन्स आमच्या आवाक्यातली नाहीत. म्हणून डेव्हिड मीकर यांचं फुकट मिळणारं फेम (FEMM) उतरवून घेतलं; चुंबकीय क्षेत्र आणि जोर कॉम्प्युटरवर काढून देणारं हे सॉफ्टवेअर.

दिसायला अगदी जुनाट आहे, त्यावर जाऊ नका. टूडीच आहे, पण सोलेनॉइड गोल असतो, त्यामुळे अ‍ॅक्सिसिमेट्रिक (अक्षाभोवती गोल) हा पर्याय निवडून अर्धा छेद काढला की भागतं. बिंदू माउसने ठेवत बसू नका; टॅब दाबून कोऑर्डिनेट टाका. प्रत्येक बंद भागात मटेरियलचं लेबल हवंच, अगदी हवेतसुद्धा. जोर काढायला त्यातला वेटेड स्ट्रेस टेन्सर हा पर्याय घ्या आणि प्लंजरसमोरच्या फटीत मेश (हिशोबासाठी पाडलेली त्रिकोणांची जाळी) स्वतः बारीक करा, नाहीतर आकडा डळमळतो. ताळा सोपा आहे: फटीत १ टेस्ला असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४० न्यूटन. उत्तर याच्या जवळपास फिरकत नसेल तर चित्र परत तपासा.

खरी गोम मटेरियलमध्ये आहे. लायब्ररीत १०१०, १०१८, ४३० स्टेनलेस असे स्टीलचे अमेरिकन ग्रेड. आमच्याकडे येतो ईएन१ए या ग्रेडच्या स्टीलचा ब्राइट बार, म्हणजे थंड ओढून काढलेली सळई. १०१० लावून आलेला जोर प्रत्यक्षापेक्षा कायम जास्त निघायचा. ओढून काढलेल्या बारमध्ये ताण राहतो, तो अ‍ॅनील न करता (तापवून सावकाश थंड न करता) वापरला की पर्मिअ‍ॅबिलिटी, म्हणजे चुंबकत्व वाहून नेण्याची क्षमता, पडते. लायब्ररीतल्या बीएच कर्व्हला (मटेरियल किती चुंबकित होतं त्या आलेखाला) त्याचा काय पत्ता? अ‍ॅनील केलेल्या नमुन्याशी आकडे बरेच जुळले. त्यामुळे नुसत्या आकड्यावर मी गिऱ्हाइकाला शब्द देत नाही. पण सपाट तोंडाचा प्लंजर बरा की कोन दिलेला, हे विचारायचं असेल तर याच्यासारखा सल्लागार नाही. फेममध्येच चालणारी लुआ भाषेतली स्क्रिप्ट लावली की चहा होईस्तोवर दोघांच्या जोराचे स्ट्रोकभरचे (प्लंजर सरकतो त्या पूर्ण अंतराचे) आलेख तयार.

आणखी एक. डीसी कॉइलला आपण देऊ तोच करंट फेम धरून चालतं. कॉइल ८० अंशांनी तापली तर तांब्याचा रेझिस्टन्स ३० टक्क्यांच्या वर चढतो, त्याच व्होल्टेजला करंट घटतो, आणि लोखंड सॅच्युरेट (चुंबकत्वाने पूर्ण भरलेलं) झालेलं नसेल तर जोर करंटच्या वर्गाने, म्हणजे साधारण ४० टक्क्यांनी उतरतो. गरम कॉइलचा करंट आपणच काढून टाकायचा. आमचे थंडीत पास होणारे व्हॉल्व्ह मे महिन्यात का अडकायचे, ते या एका हिशोबात कळलं.

एसी कॉइलच्या शेडिंग रिंगसाठी (व्हॉल्व्हची घरघर थांबवणाऱ्या तांब्याच्या कड्यासाठी) मात्र जपून. रिंग तोंडाच्या मधोमध नसून एका बाजूला बसत असेल, तर गोलाईचा फायदा गेला. प्लंजर सरकत असताना करंट कसा बदलतो, तेही हे एका रनमध्ये सोडवत नाही. लिनक्सवर वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालतं. पायथन येत असेल तर लुआऐवजी पायफेम (पायथनमधून फेम चालवणारी लायब्ररी) घ्या.