आधी विकलं, मग शोधलं: विकलेल्या घरातच भाड्याने राहण्याचा अनुभव

पुण्यातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकून मोठं घर घ्यायचं ठरलं, तेव्हा आधी विकायचं की आधी घ्यायचं हा प्रश्न आलाच. आम्ही आधी विकलं, पण घर लगेच सोडलं नाही. नव्या मालकाशी भाडेकरार करून त्याच घरात राहिलो आणि त्या काळात पुढचं घर शोधलं. आता नव्या घरात बस्तान बसलंय, म्हणून निवांत लिहितेय. ही सगळी व्यवस्था पूर्ण अनुभवल्यावर माझं मत पक्कं झालंय: राहतं घर विकताना भावापेक्षा ताब्याच्या तारखेवर जास्त घासाघीस करावी.

आधी घेऊन मग का विकलं नाही, हे बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. समजा नवं घर १ कोटी २० लाखांचं आहे. ७५ लाखांवरच्या गृहकर्जासाठी बँका घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देऊ शकतात. म्हणजे ३० लाख पदरचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. हे खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. जवळपास ३९ लाख रोख हाताशी हवेत, आणि ते कर्जाचा पहिला रुपया सुटायच्या आधी. आमच्यासारख्यांचे हे पैसे जुन्या घराच्या भिंतींतच असतात. शिवाय जुन्या कर्जाचा हप्ता चालू असेल तर नव्या कर्जाची पात्रता तेवढी कमी होते. ब्रिज लोन, म्हणजे जुनं घर विकलं जाईपर्यंतचं तात्पुरतं कर्ज, असा प्रकार आहे, पण त्याचं व्याज जास्त आणि मुदत थोडी, आणि जुनं घर त्या मुदतीत विकलं गेलंच पाहिजे. जो ताण टाळायचा होता तोच व्याजासकट घरी आणल्यासारखं झालं असतं.

तरी सुरुवातीला आम्ही घरं बघत होतो. एक मनापासून आवडलंही. पण विकणाऱ्यांनी सरळ सांगितलं, "तुमचं विकलं जाईपर्यंत आम्ही थांबू शकत नाही." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आपलं घर बाजारात असताना टोकन देणारा माणूस समोरच्याला कच्चाच वाटतो. दुसरीकडे, विकून मोकळं व्हायचं आणि पुढचं मिळेपर्यंत तिसऱ्याच घरात भाड्याने जायचं, तर दोनदा सामान हलवणं, दोनदा टेम्पो, मुलीच्या शाळेच्या बसचा मार्ग बदलणं आणि सासूबाईंचे डॉक्टर लांब पडणं. ते आम्हाला नको होतं.

मग खरेदीदार निवडताना भावाबरोबर आणखी एक गोष्ट बघायला लागलो: याला घर कधी हवंय? एका कुटुंबाने चांगला भाव दिला, पण पैसे मिळाल्यावर महिन्याभरात चावी हवी होती. दुसऱ्याने थोडं कमी सांगितलं, पण त्यांच्या मुलाची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती आणि एप्रिलची परीक्षा झाल्याशिवाय ते हलणार नव्हते. मात्र व्यवहार त्यांना लवकर उरकायचा होता, कारण कर्ज मंजूर होतं आणि मंजुरीपत्राला मुदत असते. शिवाय रेडीरेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं ते घरांचे दर साधारणपणे १ एप्रिलला बदलतात, म्हणून नोंदणी मार्चअखेरच्या आत हवी होती. आमची गरज आणि त्यांची गरज एकमेकांत बसली. आम्ही कमी भावाचं गिऱ्हाईक घेतलं. जो फरक सोडला, तो दोन वेळा घर हलवण्याच्या खर्चाशी आणि मनस्तापाशी ताडून बघितला तर मला आजही योग्यच वाटतो.

आता खरा मुद्दा. पैसे देऊनही विकणाऱ्याला घरात राहू द्यायचं, याला खरेदीदार सहजासहजी तयार होत नाही, आणि होऊही नये. आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळे बसलो होतो. खरेदीदाराचे वडील आतापर्यंत शांत होते. त्यांनी चष्मा काढला आणि थेट विचारलं, "ताई, राग मानू नका. पण पैसे हातात पडल्यावर तुम्ही निघालाच नाहीत, तर आम्ही काय करायचं?"

"काका, तुमच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं," मी म्हणाले. वकिलांनी मग तोडगा मांडला. तोंडी किंवा साध्या कागदावर "अमुक महिने राहू देऊ" असं काही ठेवायचं नाही. विक्रीचा व्यवहार पूर्ण झाला की त्याच फ्लॅटचा नवा मालक आणि आम्ही यांच्यात रीतसर लीव्ह अँड लायसन्स करार करायचा आणि तो नोंदवायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. आणि कलम २४ खरेदीदाराच्या बाजूचं आहे: मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि तोपर्यंत दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. वकिलांनी ते कलम मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, मग चष्मा लावून स्वतः वाचलं. तिथे व्यवहार ठरला.

दुसरी युक्ती डिपॉझिटची. खरेदीदाराला वाटत होतं की काही रक्कम ताब्याच्या दिवसापर्यंत रोखून धरावी. पण कर्ज काढून घर घेणाऱ्याला आधी स्वतःचा हिस्सा पूर्ण भरावा लागतो, मगच बँक चेक देते. म्हणजे रोखून धरायला त्यांच्याकडे काही उरतच नाही. म्हणून उलट केलं. पूर्ण पैसे आम्हाला मिळाले आणि भाडेकरारात आम्ही त्यांना नेहमीपेक्षा बरंच मोठं डिपॉझिट दिलं. घर रिकामं करून चावी दिली की परत. त्यांची धाकधूक गेली आणि आमचंही काही अडकून राहिलं नाही, कारण तेवढे पैसे आम्हाला लगेच लागणार नव्हते. त्यांच्या बँकेलाही ही व्यवस्था आधीच लेखी कळवली होती. हे नंतर उघड झालं असतं तर त्यांना त्रास झाला असता.

करारात आणखी एक ओळ मी हट्टाने घालून घेतली: ठरलेल्या मुदतीनंतर आणखी एक महिना राहण्याचा पर्याय, वाढीव भाड्याने, पंधरा दिवस आधी कळवून. तिची गोष्ट पुढे येईल.

बँकेच्या भागाबद्दल थोडं, कारण वेळापत्रक तिथेच कोलमडतं. आमच्या घरावर कर्ज शिल्लक होतं, त्यामुळे मूळ कागद आमच्या बँकेत होते. खरेदीदाराच्या बँकेला आमच्या बँकेकडून दोन पत्रं लागतात: फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेपर्यंत किती भरलं की कर्ज मिटेल त्याचा आकडा, आणि कोणते मूळ कागद ताब्यात आहेत त्याची यादी. फोरक्लोजरचा आकडा रोज व्याजाने वाढतो, म्हणून चेकची तारीख पुढे गेली की नवं पत्र. आमच्या बाबतीत ते पुन्हा काढावं लागलं. तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, तेवढा दिलासा. कर्ज मिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आमच्या शाखेत "फाइल सेंट्रल स्टोअरमधून यायची आहे" हे उत्तर वारंवार मिळत होतं. या नियमाचा उल्लेख करून ईमेल केल्यावर फाइल हलली. सोसायटीकडे थकबाकी नसल्याचा दाखला आणि एनओसी मात्र टोकन घेण्याआधीच मागून ठेवा. कमिटीच्या सभेची वाट बघत बसलात तर सगळं वेळापत्रक तिच्या हातात जातं.

हातात किती पैसे येणार आणि कर किती बसणार, या दोन हिशेबांची लोक गल्लत करतात, म्हणून एक उदाहरण देते. घर ५० लाखांना घेतलं, ९० लाखांना विकलं, कर्ज २५ लाख शिल्लक. हातात ६५ लाख येतात. पण नफा ४० लाख धरला जातो. कर्ज फेडलं म्हणून नफा कमी होत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून न धरता) १२.५ टक्के, म्हणजे ५ लाख आणि वर सेस. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, निवासी भारतीयांना, इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्ही काढून बघा. शिवाय व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आगाऊ भरायचा कर, कापतो. ९० लाखांवर ते ९० हजार. तेवढे पैसे विवरणपत्र भरेपर्यंत तुमच्या हातात नसतात, हे टोकनच्या हिशेबात धरा. दोघे विकणारे आणि दोघे घेणारे असतील तर आमच्या वेळी टीडीएसचे २६क्यूबी फॉर्म चार भरावे लागत, आणि खरेदीदाराने ते नीट भरले का हे आपणच बघायचं.

नवं घर घेतलं तर हा कर वाचतो (आमच्या वेळी १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५४ खाली): विक्रीच्या १ वर्ष आधी किंवा २ वर्षांच्या आत खरेदी, बांधून घेत असाल तर ३ वर्षं. गुंतवायचा असतो तो नफा, सगळी रक्कम नव्हे. दोन वर्षं ऐकून लोक निवांत होतात, पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर घेतलेलं नसेल तर ती रक्कम कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. साध्या एफडीत ठेवून चालत नाही. आम्हाला ते खातं उघडावं लागलं नाही, तरी त्याची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली होती. एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तो मोह होता. पण जुनं घर दोघांच्या नावावर होतं आणि नफाही दोघांचा. कलम ५४ बद्दल पुढे वाद नको म्हणून नवंही दोघांच्या नावावर घेतलं.

विकलेल्या घरात राहणं कसं वाटलं? पहिला महिना विचित्र गेला. पोलिसांकडे भाडेकरू म्हणून आमची माहिती गेली, त्याच घरात जिथे मुलगी रांगायला शिकली होती. सोसायटीच्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लागले, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत लावता येतात तेवढे. ते कोणी भरायचे हे करारात लिहिलेलं होतं, त्यामुळे बोलाचाली झाली नाही. मात्र बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा मी पाना हातात घेऊन थांबले. आता हा नळ कोणाचा? शेवटी फोन केला. काकाच म्हणाले, "तुमचा नेहमीचा प्लंबर बोलवा, भाड्यातून वळते करा." माणसं चांगली असल्याचा फायदा आहेच, तरी किरकोळ दुरुस्तीची रक्कमही आधीच लिहून ठेवावी. ताब्याच्या दिवशी वीजमीटर, फिटिंग, कपाटं यांची काय स्थिती असेल, त्याची फोटोंसह यादी आम्ही विक्रीच्याच दिवशी सह्या करून ठेवली होती. चार महिन्यांनी "हा पंखा तेव्हा चालू होता" असं म्हणायची वेळ कोणावर आली नाही.

शोध मात्र पार बदलला. पैसे खात्यात, जुना हप्ता बंद, नव्या कर्जाची तत्त्वतः मंजुरी हातात. एजंटांची भाषा बदलली. "विकलं की कळवा" वरून "साहेब रविवारी दाखवतो" वर आली. जे घर घेतलं त्याचा भाव मालकांनी आमच्यासाठी खाली आणला, कारण त्यांनाही पुढच्या घराचे पैसे भरायचे होते आणि आम्ही महिन्याभरात नोंदणी करू शकत होतो. जुन्या घरावर जे सोडलं होतं, ते इथे बहुतेक भरून निघालं. तरी एक जोखीम खरी आहे: या काळात बाजार चढला तर विकलेलं घर जुन्या भावाचं आणि घ्यायचं ते नव्या भावाचं. म्हणून शोध एकाच परिसरात ठेवला आणि पसंतीची यादी विक्रीआधीच तयार ठेवली होती. शून्यापासून शोध सुरू करणाऱ्याने हा मार्ग घेऊ नये.

नव्या घराच्या मालकांना ताबा द्यायला आमच्या मुदतीनंतर तीन-चार आठवडे लागणार होते. तेव्हा ती एका महिन्याची ओळ उपयोगी पडली. मेसेज पाठवला, वाढीव भाडं दिलं, वाढीव मुदतीचाही करार नोंदवला. परीक्षा संपून मुलगा गावी गेला होता, त्यामुळे खरेदीदारांचंही अडलं नाही. ती ओळ नसती तर आम्हाला त्यांच्यापुढे हात पसरावे लागले असते आणि त्यांना नाही म्हणणं जड गेलं असतं.

खरेदीदार स्वतः भाड्याने राहत असेल आणि त्याचा करार संपत आला असेल, तर हा मार्ग त्याच्यापुढे मांडूच नका. हप्ता आणि भाडं दोन्ही त्याच्या अंगावर पडतं आणि पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू होते. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घर घ्यायचं असेल तरीही हे जमणार नाही. तिथे ताब्याची तारीख वर्षांत मोजतात आणि विकलेल्या घरात तेवढं कोणी राहू देत नाही. त्यांनी सरळ वेगळं भाड्याचं घर बघावं. पण तयार घर, ओळखीचा परिसर आणि शाळेच्या सुट्टीची वाट बघणारा खरेदीदार असं जुळलं, तर वकिलाची जास्तीची फी आणि काही महिन्यांचं भाडं मी पुन्हा आनंदाने देईन.