भिंतीआडचा ध्रुव: 'थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट' प्लगइन वर्षभर वापरल्यावर

माझ्या मानेचं दुखणं जुनं आहे आणि त्याचं मूळ पोलर स्कोपमध्ये, म्हणजे टेलिस्कोपच्या फिरत्या आधारात (माउंटमध्ये) बसवलेल्या बारक्या दुर्बिणीत आहे. तिने माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखायचा, तरच पृथ्वी फिरत असताना फोटोतले तारे ठिपक्यासारखे राहतात. फरशीवर गुडघे टेकायचे, चष्मा काढायचा, मान वाकडी करून त्या बारक्या नळीत डोळा घालायचा आणि ध्रुवतारा वर्तुळावरच्या नेमक्या जागी आणून बसवायचा. त्याला अढळपद मिळालं असेल, पण खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही थोडा अधिक बाजूला आहे आणि दिवसभरात त्या बिंदूभोवती एक फेरी मारतो. त्यामुळे नुसता मधोमध आणून भागत नाही. त्यात मी टेलिस्कोप लावते तिथे उत्तरेला भिंत. ध्रुवतारा दिसेल अशी जागा धरली, तर फोटो काढण्याजोगं निम्मं आकाश झाकलं जातं.

म्हणून हे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचा तुकडा. ते टेलिस्कोपने फोटो काढायच्या 'निना' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चालतं आणि निना फक्त विंडोजवर चालतं, हे आधीच सांगून टाकते. काम करण्याची रीत सोपी आहे. टेलिस्कोप आकाशात कुठेही वळवा. प्लगइन एक फोटो काढतं, त्यातले तारे नकाशाशी जुळवून आपण नेमके कुठे बघतोय ते ठरवतं (याला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात), मग माउंट फक्त आरए अक्षावर (ताऱ्यांच्या मागे फिरण्याचा, ध्रुवाकडे रोखायचा अक्ष) काही अंश फिरवून दुसरा फोटो, तसाच तिसरा. परिघावरचे तीन बिंदू मिळाले की वर्तुळाचं केंद्र सापडतं, हे शाळेतलं गणित. इथे केंद्र म्हणजे तुमच्या माउंटचा अक्ष जिकडे रोखलाय ती जागा. ती खऱ्या ध्रुवापासून किती वर-खाली आणि किती डावी-उजवी आहे, हे दोन आकड्यांत समोर येतं. ध्रुव दिसायची गरजच नाही.

पहिल्या रात्री मी पोलर स्कोपने अगदी मन लावून जुळवणी केली होती, भिंतीपासून लांब जाऊन. मनात होतं, चार-पाच कलांची चूक निघेल. (कला म्हणजे आर्कमिनिट, अंशाचा साठावा भाग.) निघाली उंचीत 11 आणि दिगंशात, म्हणजे डावी-उजवीकडे, 23. एकूण 25 कलांच्या वर! इतकी वर्षं मी लांबट ताऱ्यांचं खापर वाऱ्यावर आणि गिअरवर फोडत होते.

हिशेब करून पाहिला. एका कलेच्या चुकीने तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला सरकतो. (विकला म्हणजे आर्कसेकंद, कलेचा साठावा भाग.) 25 कलांना साडेसहा विकला. माझी 400 मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि 3.76 मायक्रॉनचे पिक्सेल धरले, तर एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ दोन विकला. दोन मिनिटांच्या फोटोत तारा सहा-सात पिक्सेल घसरणार. गाइडिंग (एका ताऱ्यावर कॅमेऱ्याने सतत नजर ठेवून माउंटला दुरुस्त करत राहणं) लावलं तर हे झाकलं जातं, पण जात नाही: गाइड तारा जागेवर राहतो आणि बाकीचं चित्र त्याच्याभोवती हळूहळू गोल फिरत राहतं. कोपऱ्यातले तारे बघितले की चोरी पकडली जाते.

मोजणं झालं की जुळवणी सुरू, आणि इथे प्लगइन फक्त फोटो काढून आकडे दाखवत राहतं, खरा संबंध लोखंडाशी येतो. दिगंशाचे दोन बोल्ट समोरासमोर रेटत असतात. एक आधी पाव फेरा सैल करायचा, मगच दुसरा आवळायचा. विसरलात तर काहीच हलत नाही आणि तुम्ही जोर लावत बसता. उंचीच्या बोल्टला शेवटची हालचाल नेहमी वर उचलण्याची द्यावी. खाली उतरवत थांबलं तर वजन रात्रीतून कधीतरी हळूच बसतं. आणि आवळणं! मी एकदा दोन्ही आकडे एका कलेच्या आत आणले, खुशीत जुळवणी जागेवर धरणारा लॉक घट्ट केला, आकडा तीनवर. आता लॉक सुरुवातीपासूनच अर्धवट आवळलेला ठेवते. दर पिळानंतर नवा फोटो येऊन त्यातले तारे जुळेपर्यंत तीन-चार सेकंद थांबावं लागतं. सवय नसलेला माणूस तेवढ्यात आणखी एक पीळ देतो आणि पलीकडे जातो. मी तोंडाने पाच आकडे मोजते.

एक रात्र मात्र पार वाया गेली, ती सांगायलाच हवी. दिगंशाचा बोल्ट फिरवला की उंचीचा आकडाही हलायचा. दिगंश चार कला कमी झाला की उंची एक कला वाढलेली. मला वाटलं ट्रायपॉड तिरका आहे. लेव्हल लावली, पाय वरखाली केले, पुन्हा तेच. शेवटी डोक्यात आलं की एवढी गळती व्हायला ट्रायपॉड साधारण 15 अंश कलंडलेला हवा. तसा असता तर टेलिस्कोप कधीच जमिनीवर आला असता. मग 15 अंश आणखी कशाचे होतात? एका तासाचे. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. लॅपटॉपचा टाइम झोन एक तासाने चुकलेला होता आणि मीच कधीतरी घड्याळ हाताने 'बरोबर' करून ठेवलं होतं, म्हणजे जागतिक वेळ आतून चुकीची. एकूण चूक प्लगइन बरोबरच सांगत होतं, पण वर कुठलं आणि डावं कुठलं याची त्याची समजूत 15 अंशांनी फिरलेली. झोन दुरुस्त केला आणि दोन्ही आकडे आपापल्या बोल्टचं ऐकायला लागले. रेखांश चुकीचा भरला तरी हाच तमाशा होतो.

शार्पकॅप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय आहे, पण त्यासाठी पैसे भरून परवाना घ्यावा लागतो आणि कॅमेरा ध्रुवाच्या आसपास रोखलेला लागतो. मोकळं उत्तर आकाश असेल तर ते झकास; भिंतीपुढे उपयोग शून्य. ड्रिफ्ट पद्धत अजूनही खरी. मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा) एक आणि पूर्वेला किंवा पश्चिमेला क्षितिजाकडचा एक तारा घेऊन तो कुठे सरकतो ते बघत बसायचं. काहीही विकत घ्यावं लागत नाही, पण माझा पाऊण तास जायचा.

कुठे थांबायचं याबद्दल माझं मत ठाम आहे: दोन कलांच्या आत आलात की बोल्टचा नाद सोडा आणि फोटो काढा. आकाशाच्या दुसऱ्या भागात जाऊन पुन्हा मोजलं तर आकडा आपोआप थोडा बदललेला दिसतो, कारण वजनाने सगळंच किंचित वाकतं. शिवाय वातावरण. ध्रुव क्षितिजापासून 20 अंशांवर असेल तर हवेतल्या वक्रीभवनामुळे तो अडीच कला वर उचललेला दिसतो. दहा विकलांसाठी बोल्टशी झुंजणारे लोक मी पाहिलेत, आणि गाइडिंग चालू केल्यावर त्यांच्या आणि माझ्या फोटोत मला तरी फरक दिसलेला नाही. नुसतं डोळ्याने बघणाऱ्यांनी तर या भानगडीत पडूच नये.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो हे फक्त विंडोजवर चालतं म्हणून. आता फरशीवर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत. पाय त्यांवर ठेवले की पहिलाच आकडा दहा कलांच्या आत येतो, आणि मी उभ्याने, चष्मा लावून, दहा-बारा मिनिटांत मोकळी होते.