सां-मिशेलच्या कारंज्यापाशी सह्या मागणाऱ्या मुली

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. म्हणून पॅरिसला गेल्यावर मला आयफेल टॉवरपेक्षा रू सां-जाकवरची कर्णबधिर मुलांची शाळा बघायची होती. आबे द लेपे या धर्मगुरूनं 1760 च्या सुमारास अशा मुलांना खुणांच्या भाषेतून मोफत शिकवायला सुरुवात केली, त्यातूनच ती उभी राहिली. शाळा आहे लॅटिन क्वार्टरमध्ये, तेराव्या शतकातल्या सॉर्बोनपासून पायी जाण्याजोगी. पूर्वी इथले गुरू-शिष्य लॅटिनमध्ये बोलत, म्हणून वस्तीला हे नाव.

सकाळी मेट्रोतून सां-मिशेल चौकात वर आलो. नवरा कारंज्याचे फोटो काढत होता. तेवढ्यात दोन मुली आल्या. एकीनं कानाला हात लावला, मग ओठांना, आणि मान हलवली. हातात पॅड, त्यावर कर्णबधिरांसाठीच्या कुठल्याशा निवेदनाचा कागद. मला भरून आलं. घरच्या सवयीनं मी खुणेनंच विचारलं, ‘शाळा कुठे तुझी?’ तिला काही कळलं नाही. फ्रेंच खुणा वेगळ्या असतात, असं म्हणून मी सोडून दिलं. खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं. माझा भाऊ समोरच्याच्या हातांवरून नजर हलवत नाही. ही माझ्या पर्सकडे बघत होती.

सही केल्यावर तिनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. रक्कम. वर 20, 30, 20 असे आकडे, सगळे एकाच निळ्या पेनानं, प्रत्येक दोनला तळाशी तेच वेटोळं. मी 20 युरो दिले. तिनं नकारार्थी मान हलवली आणि पॅड माझ्या पोटाशी टेकवलं. पॅडखाली काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, आणि दुसरीचं काम तेवढ्यातच होतं. निघताना पहिलीनं तिला मोठ्यानं हाक मारली.

कॉफीचे पैसे द्यायला पर्स उघडली तर पाकीट गायब. 180 युरो आणि फॉरेक्स कार्ड. कार्ड लगेच ॲपवरून बंद केलं. पासपोर्ट हॉटेलात होता म्हणून निभावलं. पोलीस चौकीत पॅडचा ‘प’ काढताच हवालदारानं पुढची हकीकत स्वतःच सांगितली.

नोत्र-दाम, लूव्र, साक्रे-कर, पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणी सगळीकडे हेच चालतं. पेन हातात घेऊच नका. ‘नॉन’, म्हणजे नाही, म्हणा, चालत राहा, पर्स पुढे आणि हात चेनवर. कुणी वाट अडवली तर आजूबाजूच्या दुकानात शिरा. 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतो. त्या मुली वापरतात ती आपली माया, आणि त्यापायी उद्या खरा कर्णबधिर माणूस समोर आला तरी लोक तोंड फिरवतील. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

दुपारी शाळेच्या फाटकापाशी गेलोच. दोन मुलं खुणांनी कडकडून भांडत बाहेर पडली. मी भावाला व्हिडिओ कॉल लावला.