नवशिक्यांसाठी कोणतं शिलाई मशीन? काळं आणि पांढरं, दोन्ही वर्गात वापरून आलेला अनुभव

दिवाळीनंतर मी सांगलीच्या विश्रामबागेत घरच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी शिवणवर्ग सुरू केला. पंचविशीपासून साठीपर्यंतच्या बायका येतात, आणि रिटायर झालेले एक काकाही येतात. वर्गासाठी दोन मशीन घेतली. एक काळं, पायाचं, नुसती सरळ शिलाई मारणारं. स्टँडसकट साधारण आठ हजारांना पडलं. दुसरं पांढरं, विजेवरचं, झिगझॅग म्हणजे नागमोडी शिलाई आणि काज करणारं. त्याला बारा हजारांच्या आसपास गेले. आठेक महिने दोन्ही रोज चालली आहेत, तीही नवख्या हातांखाली. घरी एकट्यानं वापरणाऱ्याला मशीनचा जो स्वभाव दोन-तीन वर्षांत कळतो, तो वर्गात लवकर कळतो.

माझं मत आधीच सांगते: ज्यांनी कधीच मशीनला हात लावलेला नाही, त्यांनी काळ्या मशीनवर शिकावं. गुडघे दुखत असतील तर त्यालाच मोटर बसवून घ्यावी. पांढरं मशीन चांगलं आहे, पण ते दुसरं मशीन म्हणून.

मोठ्या माणसाला मशीनच्या वेगाची भीती वाटते. लहान मुलीला सुई पळाली की मजा वाटते, पन्नाशीच्या बाईला पहिल्यांदा बोट आठवतं. पांढऱ्या मशीनच्या पेडलवर नवखा पाय पूर्णच दाबला जातो आणि कापड हातातून सटकून जातं. आमच्याकडच्या मशीनला वेग कमी ठेवायचं बटण नाही. म्हणून पेडलच्या फटीत स्पंजचा तुकडा ठेवला, म्हणजे ते तळापर्यंत दाबलंच जात नाही. हा उपाय चालतो, पण पायाच्या मशीनवर त्याची गरजच पडत नाही, तिथे पाय थांबला की सुई थांबते.

पायाच्या मशीनची अडचण वेगळी. चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. यासाठी पहिले काही वर्ग दोरा ओवायचाच नाही. चाकाच्या मधली चकती सैल करायची, म्हणजे सुई हलत नाही, नुसतं चाक फिरतं. दाब, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला ठेवायचा. मग हातानं चाक आपल्याकडे ओढून पायानं ती लय धरायची. एकदा जमलं की चकती घट्ट करून, जुनी सुई लावून, वहीच्या रेघांच्या कागदावर बिनदोऱ्याची टीप मारायची. भोकांची ओळ रेघेवरून घसरली की लगेच दिसतं, दोरा-कापड वाया जात नाही. कोपरा आला की सुई कागदात ठेवून दाब उचलायचा आणि कागद वळवायचा. जुनी सुई अशासाठी की कागदानं सुई बोथट होते. तीच पुढे ब्लाऊजच्या पातळ रुबियावर वापरली तर कापडाचे धागे ओढते.

आता गुंत्याबद्दल, कारण शिकणारे सगळ्यात जास्त इथेच अडतात आणि मशीनला नावं ठेवतात. कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं झालेलं असतं. साहजिकच सगळे बॉबीनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला दोष देतात, ते ज्यात बसतं त्या बॉबीन केसचा बारीक स्क्रू पिळतात आणि चालू मशीन बिघडवून ठेवतात. खरं म्हणजे गुंता खाली दिसत असला तरी बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्या दाब खाली असताना आवळलेल्या असतात. तेव्हा दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये न बसता वरूनच जातो, त्याला ताण मिळत नाही, आणि सैल दोरा खाली साठत जातो. एका काकूंनी एकदा कंटाळून विचारलं, “ताई, मशीनच खराब आहे का हो?” मी त्यांना म्हटलं, “काकू, दाब वर उचला, दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा.” त्यांनी ओवला, आणि दोन्ही बाजूंना सारखा टाका आला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवसापासून नव्या बाईला दोरा ओवायला त्याच शिकवतात, आणि माझ्यापेक्षा सावकाश शिकवतात.

बॉबीन केस तपासायची साधी रीत आहे. भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडायची. आपणहून सरसर खाली आली तर सैल, हाताला हलका हिसका दिल्यावर जराशी उतरून थांबली तर बरोबर. आमच्या काळ्या मशीनसोबत आलेली केस खडबडीत निघाली, दोरा कातरत होती. बाजारातून चांगली केस आणून बसवली आणि तक्रार संपली. पण नव्या मशीनबरोबर असा माल द्यायला नको होता. नुकतंच शिकायला लागलेल्या माणसाला दोष कुणाचा हे कळत नाही, तो स्वतःलाच बोल लावून शिवण सोडून देतो. मला याचा फार राग येतो.

सुया मी १४, १६ आणि १८ नंबरच्या ठेवते. रुबिया, पॉपलीनला १४, मांजरपाट आणि पिशवीच्या जाड कापडाला १६, जीन्सला १८. पांढऱ्या मशीनला सुईची चपटी बाजू मागे जाते. ती फिरली की टाका सुटायला लागतो आणि मंडळी पुन्हा बॉबीनकडे वळतात.

तेल मशीनचंच, पातळ पांढरं. आपल्याकडे खोबरेल घालायची सवय आहे, ती मोडा. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, आणि सांगलीत डिसेंबरच्या सकाळी पारा त्याच्या बराच खाली असतो. घरी जड झालेलं एक मशीन वर्गात आलं होतं, त्यात चिकट मळाशिवाय काही बिघाड नव्हता. दुरुस्तीच्या बाबतीत काळ्या मशीनला तोड नाही. एका मावशींचं मशीन २०१९च्या महापुरात पाण्याखाली होतं. रॉकेलनं धुऊन, तेल देऊन, पट्टा बदलून ते आजही शिवतं आहे. पांढऱ्याच्या आत प्लॅस्टिकचे भाग जास्त, ते उघडायला माहीतगार माणूसच लागतो.

पांढऱ्याचं कौतुकही मनापासून करते. काज सुरेख येतं, झिगझॅगनं कापडाच्या कडा बांधल्या जातात, वजनाला हलकं, काम झालं की उचलून कपाटात ठेवता येतं. ब्लाऊज शिवायला लागलेल्या बाईला ते हवंच. पण जीन्सची चौपदरी दुमड आली की आमचं अडतं, आणि लाईट गेली की बंद. काळं दोन्ही वेळा चालतं.

येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी ब्लाऊज हवा असतो. मी देत नाही. आधी उशीचा अभ्रा, मग बाजाराची पिशवी, मग नाडीचा परकर, त्यानंतर तिरकी पट्टी लावून बाळाचं झबलं. झबल्याच्या गळ्याला वळण जमलं की बाही जोडायच्या मुंढ्याचं वळण आपोआप जमतं. ही सगळी कामं सरळ शिलाईत होतात, म्हणून पहिले तीन महिने झिगझॅगच्या मशीनवर जास्तीचे पैसे घालायचं कारण नाही.

दोन गोष्टींबद्दल सावध करते. हातात धरायचं स्टेपलरसारखं मिनी मशीन ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ते घेऊ नका. त्याची शिलाई एकाच दोऱ्याची साखळी असते, टोक ओढलं की सगळी उसवते. दुसरं, मोफत शिलाई मशीनचे मेसेज सारखे फिरतात. खरी योजना केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, प्रशिक्षण आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आहे. अनोळखी लिंकवर आधार नंबर देऊ नका.

मशीन बघायला जाताना घरून तीन कापडं न्या: रुबियाचा तुकडा, दुहेरी मांजरपाट आणि जुन्या जीन्सचा दुमडलेला पाय. दुकानातल्या कडक कापडावर कुठलंही मशीन सुंदर शिवतं. आपल्या कापडावर टीप मारून बघा, उलट्या बाजूनं बघा, आणि दोरा दुकानदाराला ओवू न देता स्वतः ओवून बघा.