‘रिदम तेंगोकु’ दहा महिने खेळल्यावर

मावसभाऊ ओसाकाला नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा फराळाच्या डब्याच्या बदल्यात माझ्या हातावर एक कॅसेट ठेवली. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या जुन्या गेम-मशीनची, काडेपेटीएवढी. नाव ‘रिदम तेंगोकु’, म्हणजे ठेक्याचा स्वर्ग. तेव्हापासून आजपर्यंत फार थोडे दिवस असे गेले असतील की ही कॅसेट मी लावली नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे, कारण हा गेम मागवावा की नाही या विचारात असलेल्यांना मराठीत वाचायला काहीच मिळत नाही.

हा गेम ३ ऑगस्ट २००६ रोजी जपानमध्ये निघाला आणि त्या देशाबाहेर कधी विकायला आलाच नाही. मॉर्निंग मुसुमे या गायिकांच्या ताफ्यामागचे संगीतकार-निर्माते त्सुंकू यांनी निन्टेंडो या गेम बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या लोकांबरोबर बसून तो केला. याची पुढची भावंडं बाहेर आली, निन्टेंडोच्याच डीएस या पुढच्या मशीनवरचं तर २००९ मध्ये अमेरिका-युरोपातही पोचलं. थोरला मात्र जपानीच राहिला. तरी गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटला देशाचं कुलूप नसतं, जपानची कॅसेट कुठल्याही मशीनवर चालते. त्यामुळे मागवणं हाच एक मार्ग आणि तो सरळ आहे.

मी तो डीएस लाइटवर खेळते. हे मुद्दाम सांगते, कारण मशीन निवडताना इथेच चूक होते. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी दिसायला देखणा, घडी घालून खिशात मावतो, पण त्याला हेडफोनचं साधं भोकच नाही. चार्जिंगच्या जागी वेगळा जोड लावावा लागतो. हा गेम हेडफोनशिवाय मुंबईत खेळताच येत नाही. डीएस लाइटच्या खालच्या कडेला जुन्या कॅसेटचा खाचा आहे, नेहमीचं हेडफोनचं भोक आहे आणि स्क्रीनचा उजेडही चांगला आहे. जुन्या गेमचं चित्र डीएसच्या स्क्रीनपेक्षा थोडं लहान असल्यामुळे भोवती काळी चौकट राहते. दोन दिवसांनी ती दिसेनाशी होते.

आता गेमबद्दल. एकूण ४८ छोटे खेळ. पाच खेळ झाले की सहावा रिमिक्स, त्यात आधीचे खेळ एकाच गाण्यात मिसळून येतात. एक खेळ मिनिट-दीड मिनिटाचा. पहिलाच खेळ कराटेवाल्याचा: कुंडी उडत येते, तुम्ही ठेक्यावर ए बटण दाबायचं, तो ठोसा मारतो. बस. संपूर्ण गेममध्ये बटणं दोन-चारच लागतात. कुठेतरी उंदीर दबकत पळतात, कुठे ससा कासवांच्या पाठीवरून उड्या मारत जातो, कुठे ब्रश धरलेला हात कागदावर अक्षर लिहितो आणि शेवटचा फटकारा तुम्ही मारायचा असतो. चित्रं साधी, चार रेघांत काढलेली. पण प्रत्येक चित्राच्या पोटात एक ठेका आहे आणि तो कानाने पकडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझा सगळ्यात आवडता खेळ कांद्याचा. एका कांद्याला चेहरा आहे. पहिल्या चार मात्रांत त्याच्या अंगावर एकेक केस उगवतो, प्रत्येक केसाला एक आवाज. पुढच्या चार मात्रांत चिमट्याने तेच केस त्याच अंतराने उपटायचे. कधी केस सरळ मात्रेवर उगवतात, कधी दोन मात्रांच्या मधोमध, कधी एक लांब कुरळा केस येतो, तो धरून ओढावा लागतो. डोळ्यांनी पाहत खेळलं की हमखास उशीर होतो, कारण चिमटा केसापर्यंत पोचलेला दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. मला हे कळायला तीन आठवडे लागले. एका रात्री दिवे गेले होते, मशीन उशीवर ठेवून मी छताकडे पाहत नुसतं ऐकून दाबत होते, आणि अख्खा कांदा साफ झाला.

तेव्हाच हेडफोनचंही नीट कळलं. सुरुवातीला मी ब्लूटूथचे लावले होते, डीएसच्या भोकात एक छोटा ट्रान्समीटर खोचून. वायर नको म्हणून. पंधरा दिवस मला वाटत होतं की माझ्यातच लय नाही. लहानपणी तीन वर्षं तबला शिकलेली मुलगी, आणि साधी टाळी चुकतेय. साध्या ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला १००-२०० मिलिसेकंद सहज जातात. १२० च्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद. म्हणजे दीडशे मिलिसेकंदांचा उशीर धरला तर ठोक्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तुम्ही मागे. गाणं ऐकताना हे जाणवत नाही, इथे सगळा खेळच त्या तिसऱ्या हिश्श्यात आहे. लॅमिंग्टन रोडवरून रबरी टोकाचे साधे वायरवाले हेडफोन आणले आणि त्याच संध्याकाळी अडकलेले तीन खेळ सुटले. हे मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: वायर लावा.

मी मुलुंडला राहते, ऑफिस फोर्टात. सकाळी जाताना खेळणं शक्य नाही, एक हात कडीला असतो आणि या गेमला दोन्ही अंगठे मोकळे लागतात. येताना सीएसएमटीला गाडी रिकामी मिळते, लेडीज डब्यात खिडकीची जागा धरली की जवळजवळ तासभर आपला. दोन स्टेशनांच्या मध्ये एक खेळ बसतो. भायखळ्यापर्यंत सोपे खेळ, हात गरम करायला. दादरला गर्दी चढते तेव्हा मी बंद करून बसते, कोपर हलवायला जागा उरत नाही. घाटकोपरला मोकळं झालं की परत. गाडीचा खडखडाट हा वेगळा त्रास आहे. चाकांचा स्वतःचा एक ठेका असतो आणि तो गेमच्या ठेक्याशी जुळत नाही, पाय गाडीबरोबर हलायला लागला की बोटही तिकडे जातं. मी पाय घट्ट रोवून बसते. शिवाय ‘पुढील स्टेशन’ची घोषणा नेमकी अशा वेळी येते की गेममधला इशारा बुडतो. रिमिक्स मी गाडीत खेळतच नाही, ते घरी, रात्री.

जपानी येत नाही म्हणून थांबू नका. प्रत्येक खेळाआधी सराव असतो, त्यातली वाक्यं वाचता आली नाहीत तरी करून पाहिलं की कळतं. अडचण खरी एकाच ठिकाणी येते, सैनिकांच्या कवायतीत. तिथे तोंडी हुकूम येतात: चाल, थांब, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, सगळे जपानीत. पण शाळेत एनसीसीला ‘दाहिने मुड’ ऐकून आपण कुठे शब्दाचा अर्थ लावत होतो, अंग आपोआप वळायचं. इथेही आठवड्याभरात तसंच झालं. निकालाची भाषा मात्र खटकते. शेवटी गेम आकडा देत नाही, एक शेरा देतो: पुन्हा करा, ‘हेइबोन’ म्हणजे साधारण, किंवा ‘हाय लेव्हल’ म्हणजे उत्तम, त्याचं मेडल मिळतं. शेऱ्याच्या वर एक ओळ असते, कुठे कमी पडलात ते सांगणारी. ती वाचता आली नाही तर चूक कुठे झाली ते कळत नाही. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करते, चालतं, पण दर वेळी फोन काढायचा कंटाळा येतो. तीनदा नापास झालात तर कॅफेमधला माणूस पुढे जाऊ देतो, ही सोय फार समजूतदार आहे.

बाबांबद्दल लिहायलाच हवं. बाबा चाळीस वर्षं आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, त्यामुळे डबलबारीची, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याची, हौस रक्तातच. माझ्या हातातला खेळ ते लांबून बघत असत, काही बोलत नसत. संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी मी हेडफोनची वायर काढली, आवाज मोठा केला आणि कांद्याचा खेळ लावून मशीन त्यांच्या मांडीवर ठेवलं. चष्मा काढून बाजूला ठेवला त्यांनी. पहिल्यांदा नुसतं ऐकलं, बटण दाबलंच नाही. मग म्हणाले, “अगं, हे तर सवाल-जवाब आहे. त्याने बोल टाकायचा, आपण तसाच उचलून परत द्यायचा.”

दुसऱ्या वेळी ते ए बटण एवढ्या जोरात दाबत होते की मी घाबरले. डोळे मिटलेले, मान किंचित हलते आहे, डावा हात मांडीवर स्वतःची लय धरून बसलेला. आणि तरीही नापास, कारण जवाब देताना शेवटी त्यांनी स्वतःची एक छोटी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तोच बोल, जोडली होती. पखवाजावर त्याला दाद मिळाली असती. इथे जास्तीचा प्रत्येक ठोका चूक. “मोकळीक नाही याच्यात,” एवढंच म्हणाले आणि परत सुरू केलं. तिसऱ्या वेळी हाय लेव्हल. मी त्यांना विचारलं, तुम्हाला मध्येच पडणारे केस कसे जमतात? तर म्हणाले, “हात समेवर पोचायला थोडा आधी निघावा लागतो. तू आवाज आला की निघतेस, म्हणून उशीर होतो.” दहा महिन्यांत या गेमबद्दल मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

त्यांची तक्रार मलाही पटते. हा गेम तुम्हाला वाजवू देत नाही, बरोबर उत्तर देऊ देतो. कधीकधी तो कडकपणा जाचतो, विशेषतः ‘परफेक्ट’च्या वेळी. हाय लेव्हल मिळालेल्या एखाद्या खेळावर गेम अधूनमधून आव्हान देतो की एकही चूक न करता वाजवून दाखवा, तीन संधी. तिन्ही गेल्या की आव्हान निघून जातं आणि पुन्हा कधी येईल ते त्याच्या मनावर. एप्रिलमध्ये उड्या मारणाऱ्या सशाचं आव्हान तिसऱ्या संधीत, अगदी शेवटच्या उडीला हुकलं. त्या रात्री जेवताना मी कुणाशी बोलले नाही.

आता मागवणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी, माझ्या पैशांनी शिकलेल्या.

भाऊ आणायच्या आधी मी इथेच एका दुकानातून हीच कॅसेट घेतली होती. नकली निघाली, चार दिवसांनी सगळी मेडलं पुसली गेली. अस्सल कॅसेट उघडायची गरज नसते: खालच्या फटीतून टॉर्च मारून पाहा, पिनांच्या वर पट्टीवर ‘निन्टेंडो’ असं छापलेलं दिसतं. पुढच्या लेबलवर तिरपं धरलं की दाबून उठवलेले बारीक आकडे दिसतात. यातलं काहीच नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

मशीन जपानचं असेल तर चार्जर बघून घ्या. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मी दुसऱ्या एका ठिकाणाहून जुनं मशीन घेतलं तेव्हा सोबत जपानी चार्जर होता आणि विकणाऱ्याने ‘चालतो, बिनधास्त लावा’ म्हटलं. मी लावला. ठप्प असा आवाज, जळका वास, संपलं. नशीब, मशीन तेव्हा जोडलेलं नव्हतं. तेव्हापासून यूएसबीची वायर वापरते, फोनच्या चार्जरवर लावते, काही त्रास नाही.

आणि पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस कॅसेट ओळखलीच जाईना. मुंबईच्या दमट हवेत पिनांवर थर बसतो. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आणखी वाईट. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसलं, पाच मिनिटं वाळू दिलं, सुरू झाली. आता कॅसेट आणि मशीन दोन्ही एका स्टीलच्या डब्यात ठेवते, आत नव्या चपलांच्या खोक्यातून मिळालेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

माझ्याकडे सध्या ४८ पैकी ४१ मेडलं आहेत. उरलेल्या सातांत शेवटचे रिमिक्स आहेत आणि ती कवायत, जी सोप्या लयीत जमते आणि वेगात सुटते. बाबांना फक्त कांदा हवा असतो, दुसरं काही लावलं की मशीन परत देतात. परवा एकादशीच्या भजनाला निघताना ते दारात थांबले, म्हणाले, “दोन मिनिटं दे बघू, हात बसवून जातो.”