टर्कीला साद घालायला बॉक्स घ्यावा की पाटी?

पेन्सिल्व्हेनियात वसंतातली टर्कीची शिकार करायची तर आवाज काढता आलाच पाहिजे. इथला नियमच तसा आहे. फक्त दाढीवाला, म्हणजे छातीवर केसांसारखा झुपका लोंबणारा पक्षी मारायचा, आणि तोही साद घालून, जवळ बोलावून. आवाजाच्या मागावर लपतछपत जायचं नाही. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं यंत्रही चालत नाही, म्हणजे फोन खिशातच ठेवायचा. त्यामुळे लायसन्स, प्रशिक्षण, शॉटगन हे सगळं मार्गी लागलं की नव्या माणसापुढे प्रश्न उरतो तो एकच: पहिला कॉल, म्हणजे आवाज काढायचं साधन, कोणतं घ्यावं?

आपल्या लोकांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी वजन आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हे शिकवणारा काका-मामा घरात नाही. इथली मुलं आजोबांच्या शेजारी ओकच्या बुंध्याला टेकून बसत शिकतात. आपण शिकतो ते तिशी-चाळिशीत, तळघरात दार लावून, एकट्याने. म्हणून जो कॉल एकट्याला, कुणी कान न पिळता, हाताला बसेल तोच बरा.

तोंडात धरायचा डायफ्राम आधी बाजूला काढतो. पक्षी अगदी समोर आला तरी दोन्ही हात बंदुकीवर राहतात, हा त्याचा फायदा निर्विवाद आहे आणि चांगले शिकारी त्यावर जे आवाज काढतात ते ऐकत राहावेत असे असतात. पण टाळूला ती पट्टी लागली की अनेकांना उमासे येतात, मलाही येतात. ज्यांना येत नाहीत त्यांनी जरूर शिकावा, पण दुसरा कॉल म्हणून. खरी निवड उरते ती लाकडी बॉक्स आणि पाटीचा पॉट कॉल यांच्यात.

बॉक्सचं कौतुक आधी करतो, कारण तो खरोखर कौतुकाला पात्र आहे. पातळ भिंतींची लांबट पेटी, वर स्क्रूवर फिरणारं झाकण, झाकणाच्या पोटाला खडू. झाकण भिंतीच्या कडेवर हलकेच ओढलं की टर्कीच्या मादीचा ‘येल्प’ बाहेर पडतो, आधी बारीक चिरका सूर आणि त्याला लागूनच खालचा खरखरीत. हे दोन सूर जोडणं हीच तर सगळी मेख असते, आणि बॉक्समध्ये ते लाकूडच करून देतं. हेन्री गिब्सन यांनी आर्कान्सामधल्या डार्डानेल गावी १८९७ साली या रचनेचं पेटंट घेतलं. आजच्या बॉक्समध्येही मूळ गोष्ट तीच आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्या, संध्याकाळपर्यंत मादी वाटेल असा आवाज काढेल. शिवाय त्याचा आवाज दूर जातो. मेच्या सुरुवातीला डोंगराच्या धारेवर वारा सुटलेला असतो, झाडांना नुकती पालवी फुटलेली असते, अशा सकाळी पलीकडच्या घळीतल्या नराला ऐकू जाईल असा आवाज बॉक्सच काढू शकतो. पाटी तिथे कमी पडते, हे मान्य करायलाच हवं.

आमच्या टोळक्यात एक निवृत्त खाणकामगार आहेत. त्यांच्याकडे वडिलांच्या हातचा सिडारचा बॉक्स आहे. त्यांच्या वडिलांच्या तरुणपणी इथे टर्की दिसणंच दुर्मिळ होतं. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांनी हा पक्षी अमेरिकेच्या बऱ्याच भागातून नाहीसा झाला होता. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला, जंगलं पुन्हा वाढली, रानटी पक्षी जाळ्यात पकडून रिकाम्या जंगलांत सोडले गेले, तेव्हा कुठे आज मी ज्या स्टेट गेम लँडवर, म्हणजे शिकारीला खुल्या सरकारी जमिनीवर, फिरतो तिथे पहाटे गॉबल, म्हणजे नराची आरोळी, ऐकू येतं. त्या माणसाचा बॉक्स ऐकताना मला हे सगळं आठवतं. तो कॉल त्यांनी बदलू नये, आणि मीही त्यांना बदला म्हणणार नाही.

आता पाटीकडे येतो. वाटीएवढा गोल पॉट, वर पाटीच्या दगडाची चकती, आत नाद घुमवणारी दुसरी चकती, तळाला भोकं. वर लाकडी काडी, म्हणजे स्ट्रायकर, पेनासारखी तिरकी धरून ओढायची. जो आपल्याकडच्या शाळेत पाटी-पेन्सिल घेऊन बसला आहे, त्याला तो किरकिर आवाज ओळखीचा वाटेल, फरक इतकाच की इथे तो हवा असतो. पॉट बोटांच्या टोकांवर धरायचा, तळहाताने भोकं झाकली की आवाज गुदमरतो. काडीचं टोक दगडावरून उचलायचं नाही. कडेजवळ बारीक सूर, मध्याकडे जाड. पहिला आठवडा घरच्यांना त्रास होतो, हे खरं. बॉक्सच्या मानाने पाटी उशिरा वश होते आणि सुरुवातीचे येल्प मादीपेक्षा कुरकुरणाऱ्या दारासारखे येतात. पण एकदा मनगट सैल झालं की तिच्यातून जे निघतं ते बॉक्समधून काढणं फार कमी लोकांना जमतं: अगदी हळू क्लक, म्हणजे मादीचा एकच तुटक आवाज, आणि समाधानाने चरणाऱ्या मादीचा पर्र. काडीचं वजन जवळजवळ काढून घेऊन सावकाश एक रेघ ओढायची, बस.

हा हळू आवाज इतका महत्त्वाचा का, ते टर्कीचा स्वभाव पाहिला की कळतं. निसर्गात नर गॉबल करतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण उलटं मागतो: मी इथे बसले आहे, तू ये. म्हणून नर पन्नास-साठ यार्डांवर येऊन थांबतो, पिसारा फुलवतो, फेऱ्या मारतो, आणि मादी दिसली का ते पाहत राहतो. वास तर त्याला फारसा कळत नाही, पण नजर अशी की पापणी लवली तरी संशय येतो. अशा अडून बसलेल्या नराला मोठ्याने साद घातली तर तो उत्तर देतो, पण पाय हलवत नाही. त्याला वाटायला हवं की मादी तिथेच आहे, निवांत आहे, कदाचित दुसरीकडे निघाली आहे. दोन हलके क्लक, एक लांब पर्र, हाताने पाचोळा खरवडायचा आणि मग गप्प बसायचं. माझ्या अनुभवात नर जवळ आले ते बहुतेक या गप्प बसण्याच्या काळात, आणि त्याआधीचा शेवटचा आवाज पाटीचा होता. कुणी मोजून काढलेलं हे सत्य नाही, माझ्या जंगलात मला आलेला प्रत्यय आहे. हंगाम पुढे सरकतो तशा माद्या अंड्यांवर बसू लागतात, नर एकटे पडतात, आणि उशिराच्या सकाळी अशी मृदू बोलणारी मादी त्यांना जास्त ओढते असंही मला वाटतं.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय आवाजाच्या प्रतीवर झाला नाही. तो झाला बॉक्सच्या बडबडीवर. बॉक्स चालताना गप्प राहत नाही. झाकण सैल असतं, तसं ते असावंच लागतं, आणि चालताना ते भिंतीवर घासतं. ओढा ओलांडला, पडलेल्या झाडावरून पाय टाकला, चढावर श्वास घ्यायला वाकलो, की व्हेस्टमधून एक अर्धवट ‘क्याँक’. हेमलॉकच्या झाडीत, पहाटेच्या त्या शांततेत, तो आवाज कसा कापत जातो ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. रात्रीच्या थाऱ्यावरून अजून न उतरलेला नर तेवढ्यानेही गप्प होऊ शकतो.

यावर सगळे उपाय आहेत आणि मला ते सगळ्यांनी सांगितले आहेत. झाकणावर रबरबँड. झाकणाखाली फडक्याची घडी. व्हेस्टला बॉक्सचा वेगळा लांब कप्पा. उपाय लागू पडतात. पण मग अचानक शंभर यार्डांवर गॉबल झालं, बुंध्याला टेकून बसायला जेमतेम वेळ मिळाला, की त्याच क्षणी कप्पा उघडा, रबरबँड सोडवा, फडकं काढून कुठेतरी ठेवा, आणि हे करताना झाकण घासू देऊ नका. जिथे हालचाल कमीत कमी हवी तिथे ती सगळ्यात जास्त होते. पाटी शर्टाच्या खिशातून येते, काडी दुसऱ्या खिशातून, आणि दोन्ही एकमेकांना लागेपर्यंत मुकी असतात.

यात सुरक्षिततेचाही भाग आहे, आणि तो मला जास्त टोचतो. वसंतात सगळे शिकारी पानापानांच्या रंगाचे कपडे घालून, चेहरा झाकून, मादीच्या आवाजाकडे कान लावून बसलेले असतात. म्हणूनच आपण लाल, पांढरं, निळं अंगावर ठेवत नाही. नराच्या डोक्याचे रंग तेच. म्हणूनच दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, माणसाच्या आवाजात स्पष्ट बोलायचं. मी चालताना नारिंगी पट्टाही बांधतो. इतकी काळजी घेऊन मग सार्वजनिक जमिनीवर आपल्याच पाठीवरून, चालता चालता, मादीसारखा आवाज निघत राहावा हे मला पटत नाही. बॉक्सला रबरबँड लावून हलवलं की नराचं गॉबलही काढता येतं. ते तर सार्वजनिक जमिनीवर कुणीच करू नये.

पाऊस आणि दव यांत दोघंही रडतात. बॉक्सचा खडू ओलाव्याने चिकट होतो आणि झाकण सरकतं ते आवाजाशिवाय. जुने लोक पावाच्या प्लास्टिक पिशवीत बॉक्स आणि हात दोन्ही घालून वाजवतात, आणि ती युक्ती चालते. पाटीचा दगड ओला झाला तर तो दिवस संपला. पण पॉटमध्ये काचेचा किंवा अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग मिळतो आणि त्यावर कार्बनची किंवा अॅक्रिलिकची काडी ओल्यातही चालते. म्हणजे एकच हात शिकलात की कोरड्या दिवसाची आणि ओल्या दिवसाची सोय होते. इथल्या मेमध्ये ही मोठी गोष्ट आहे.

पाटीचे त्रासही लपवत नाही. काडी पाचोळ्यात पडली की सापडत नाही. दगडाला बोट लागता कामा नये. हाताला गोचिडांसाठी लावलेलं औषध असेल तर एका स्पर्शाने तो भाग घसरडा होतो. इथे गोचिडांकडे दुर्लक्ष करता येत नाही, लाइम रोग या भागात घरोघरी माहीत आहे, म्हणून मी परमेथ्रिन कपड्यांवर आधीच मारून वाळवतो आणि सकाळी तळहात कोरडे ठेवतो. दगड खरवडायला स्वयंपाकघरातली हिरवी घासणी पुरते, काचेला पॉलिश पेपर लागतो, आणि हे दर सकाळी करावं लागतं. ज्याला अशी निगा राखण्याचा कंटाळा आहे त्याला पाटी नकोशी होईल. आणि हात दोन्ही गुंततात, हा दोष बॉक्सइतकाच तिचाही. फक्त पाटी मांडीवर, गुडघ्याआड वाजते, बॉक्सला कोपर हलतं.

हंगामाच्या पहिल्या टप्प्यात शिकार दुपारी बाराला थांबते, मग गावातल्या डायनरमध्ये सगळे जमतात. अंडी, बटाटे, कॉफी, आणि टेबलावर प्रत्येकाचा कॉल. तिथे या वादात मी अल्पमतात आहे. सिडारच्या बॉक्सवाले काका म्हणतात, पाटी म्हणजे वेळखाऊ लोकांचं काम. त्यांच्या हातात बॉक्स कुजबुजतोही, मी ऐकलं आहे. पण त्या कुजबुजीमागे आयुष्य गेलेलं आहे. नव्या माणसाला बॉक्स मोठ्याने बोलायला लगेच शिकवतो आणि हळू बोलायला फार उशिरा. पाटीचं नेमकं उलटं आहे, आणि जंगलात उपयोगी पडतं ते हळू बोलणंच, असं माझं मत झालं आहे.

तुमची जागा वेगळी असेल तर हिशेब बदलेल. कॅन्ससच्या उघड्या माळावर रिओ ग्रांदे जातीच्या टर्कीमागे, किंवा साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्ये मेरियम जातीच्या टर्कीमागे जात असाल, जिथे पक्षी दूर आणि वारा सतत, तिथे बॉक्स आधी घ्या. लहान मुलाला सोबत नेऊन लपणात बसणार असाल तरी बॉक्सच द्या; चालणं थोडं, वाजवण्याचा आनंद मोठा. पण पूर्वेकडच्या दाट, ओलसर, चढउताराच्या जंगलात पायी फिरणार असाल तर माझा कल पाटीकडे आहे. दगडाचा एक साधा पॉट घ्या आणि त्याच्यासोबत काड्या दोन-तीन घ्या, हिकरीच्या लाकडाची एक आणि पर्पलहार्टच्या लाकडाची एक तरी. त्याच दगडावर काडी बदलली की मादी बदलते, आणि पॉटवर जास्त पैसे घालण्यापेक्षा हे फायद्याचं ठरतं. पुढच्या वर्षी काचेचा जोडा. आणि खरेदी मार्चमध्येच उरका, म्हणजे मेपर्यंत मनगट सैल होईल.